सोबत आलेल्यांची सही

‘जाताच आहात तर’ या तीन शब्दांवर कायद्यानं बंदी घातली पाहिजे. मी कामासाठी परगावी निघाले रे निघाले की हे शब्द चहूबाजूंनी अंगावर येतात. नवरा म्हणतो, जातेच आहेस तर माझे बूट बदलून आण, तिथं त्यांचं मोठं दुकान आहे. नणंद म्हणते, जातेच आहेस तर पडद्याचं कापड बघ, हा घे तुकडा, रंग अगदी असाच हवा, जरासुद्धा फिका नको. सासूबाईंच्या मावसबहिणीचे गुडघे बदललेत, जातेच आहेस तर दोन मिनिटं डोकावून ये. ही मावसबहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि तिची दोन मिनिटं दोन तासांची असतात. आमचे साहेब तर या सगळ्यांचे बाप. ‘जाताच आहात तर सत्तावीस पेशंट उरकून टाका की, मॅडम. एका फेरीत काम फत्ते!’

मी कानातल्या मशीनचं काम करते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचे कान तपासायचे आणि त्याला जेवढा हवा तेवढाच आवाज त्याच्या मशीनमध्ये बसवायचा. एकवीस वर्षं हेच करतेय. एका माणसाला नीट बसवायचं तर तास लागतो. सत्तावीस माणसं आणि दोन दिवस. साहेब आयुष्यात एकदाही कुणाच्या कानापाशी बसलेले नाहीत, त्यामुळे त्यांना हे सहज जमण्यासारखं वाटतं.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. दुसऱ्या दिवशी तीननंतरचा वेळ मी गुपचूप स्वतःसाठी राखून ठेवला होता. होस्टेलमधली माझी मैत्रीण, बुटकी, त्याच शहरात असते. नऊ वर्षांत भेट नव्हती. तळ्याकाठी बसायचं, पोटभर खायचं, दोघींच्या नवऱ्यांची यथेच्छ निंदा करायची आणि सातच्या गाडीनं परत यायचं. बूट, पडदे आणि गुडघे गेले खड्ड्यात.

आमच्या कंपनीची मशीनं विकणारं तिथलं दुकान पहिल्या मजल्यावर होतं, खाली चष्मेवाला. वर येईपर्यंत म्हाताऱ्यांना धाप लागते, हे दुकान मांडताना कुणाच्या डोक्यात आलं नसावं. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, आत माझं टेबल, कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात तपासणीची आवाजबंद खोली. दुकानदार हसतमुख. इतका हसतमुख की पहिल्या तासातच मला त्याचा कंटाळा आला.

या धंद्यात मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू? समाधानपत्राची. प्रत्येक तपासणीनंतर कंपनीला एक कागद भरून पाठवावा लागतो. त्यावर दोन चौकोन, ‘समाधानी’ आणि ‘बऱ्यापैकी समाधानी’. असमाधानी माणसाला चौकोनच नाही! आणि खाली सही कुणाची? सोबत आलेल्या व्यक्तीची. कान एकाचे, समाधान दुसऱ्याचं. मुलगा सही करतो, सून करते, एकदा तर एका आजोबांच्या कागदावर रिक्षावाल्यानं केली होती. मी साहेबांना तीनदा पत्र लिहिलं. साहेब म्हणाले, ‘मॅडम, म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, सही कॉम्प्युटरला वाचता येत नाही.’ आता बोला!

दुसऱ्या दिवशी दोन वाजेपर्यंत मी पंचवीस जण उरकले होते. उरकले हाच शब्द खरा आहे, लपवून काय करू. सत्ताविसाव्यानं येत नसल्याचा निरोप पाठवला होता, म्हणजे आता एकच राहिलं होतं. मी बुटकीला फोन करून सांगितलं, तीनला तळ्यावर हजर राहा, उशीर केलास तर तुझ्या वाटचंही खाईन.

सव्विसाव्या बाई आल्या त्या मुलासोबत. बाई शहात्तरीच्या, पाठ ताठ, जिना चढूनही श्वास जागेवर. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी लाकडी पट्टी. मुलगा पंचेचाळिशीचा असेल, कडक इस्त्रीचा शर्ट आणि लोण्यासारखा आवाज. लोण्यासारखा बोलणारा माणूस दिसला की मी आधी सावध होते.

‘मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं,’ तो म्हणाला. ‘आईसमोरच बोलतो, तिला काही कळत नाही.’

ऐकू येत नाही असं म्हणायचं होतं त्याला. निदान मी तसं धरून चालले.

मग त्यानं सगळं मांडलं. बाई घरच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं तोंडी गणिताचा क्लास घेतात. वही नाही, पेन नाही. बाई आकडे सांगणार, मुलांनी मनात हिशोब करून ताडकन उत्तर द्यायचं. पण वर्ष-सव्वा वर्षापासून बाईंना मुलांची उत्तरंच ऐकू येईनात. चूक-बरोबर कळेना. अठरा मुलं होती, पाच उरली. तरी क्लास बंद करायचं नाव नाही.

‘तिचं म्हणणं, बाहेरून तपासायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की कान गेले, तर त्याच दिवशी बंद करीन. आमच्यावर विश्वास नाही बघा,’ तो हसला. ‘तेव्हा तुम्ही एवढं सांगाच. आता काही उपाय नाही म्हणून. कागदावर दिलंत तर फारच बरं.’

‘आणि क्लास बंद झाल्यावर त्या खोलीचं काय करणार?’ मी सहज विचारलं.

‘माझं ऑफिस थाटतोय. टेबल येऊन पडलंय, मॅडम, चार महिने जिन्याखाली.’

आता खरं सांगते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. समाधानपत्र त्यानं बाहेर बसल्या बसल्याच सही करून आणलं होतं, ‘समाधानी’वर खूण करून. शहात्तर वर्षांचे कान, थकणारच. दोन ओळी खरडायच्या आणि निघायचं, असा विचार माझ्या मनात आला होता. मी त्यालाच विचारलं, ‘दिवसाला किती तास घालतात मशीन?’

फाड्‌दिशी पट्टी टेबलावर आपटली.

‘कान माझे आहेत,’ बाई मोठ्यानं म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, गरजेपेक्षा मोठ्यानं. ‘विचारायचं ते मला विचार. आणि माझ्याकडे तोंड करून बोल, ओठ दिसू देत.’

माझे कान लाल झाले. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच शिकवत आलेय, पेशंटशी बोला, सोबतच्यांशी नको. आणि घाईत स्वतःच शेण खाल्लं. मी बाईंची माफी मागितली, त्यांच्याकडे तोंड करून.

‘सकाळी सहा ते रात्री दहा,’ त्या म्हणाल्या. ‘काढतच नाही. उपयोग नसला तरी घालते.’

मुलाला मी बाहेर बसवलं. बाईंची मशीनं काढून ठेवली, त्यांना आवाजबंद खोलीत नेलं, कानांवर हेडफोन चढवले. बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच त्यांचं काम. काचेतून मला त्या दिसत होत्या. डोळे मिटलेले, अंगठा बटणावर. एक आवाज सुटला नाही की एक चुकून दाबला नाही. मी आलेख काढला आणि तीन वर्षांपूर्वीचा जुना आलेख त्यावर ठेवला. एकच रेष दोनदा काढावी तसे दोन्ही जुळले. कान जसे होते तसेच होते, केसभरही घसरलेले नव्हते.

माझा विश्वास बसेना. मग मी माईकवरून शब्द वाचले. आमच्याकडे पंचवीस शब्दांची यादी असते, आम्ही एकेक वाचायचा आणि पेशंटनं तोच परत म्हणायचा. बाईंनी पंचवीसच्या पंचवीस बरोबर म्हटले. वर मला सुनावलं, ‘तू ण चा न करतेस. पाणी म्हण.’

‘पाणी,’ मी निमूटपणे म्हणाले.

‘आता बरोबर. तू स्पष्ट बोलतेस ते बरंय. हल्ली सगळे पुटपुटतात. घरातले, दुकानातले, पोरं तर विचारूच नकोस.’

मी हातातला कागद खाली ठेवला. हेडफोनमधून हवा तेवढा आवाज दिला तर बाईंना सगळं ऐकू येत होतं. मग दिवसाचे सोळा तास कानात घातलेली ती मशीनं काय करत होती? आधी वाटलं, नळीत मळ अडकला असेल. बघितलं तर नळी आरशासारखी स्वच्छ. बाई रोज पुसत होत्या. मग मशीन माझ्या तपासायच्या नळीला लावून स्वतःच्या कानाला धरलं आणि स्वतःशीच बोलून बघितलं. माझाच आवाज मला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

मशीन कॉम्प्युटरला जोडलं. आमच्या या कॉम्प्युटरमध्ये एक गोष्ट आहे. मशीनचा आवाज कमी-जास्त केला की एक चौकट उघडते, ‘बदलाचं कारण’. तिथं काही लिहिल्याशिवाय पान पुढं सरकत नाही, आणि पान सरकलं नाही तर दुकानदाराची ती भेट कंपनी मोजत नाही. बहुतेक दुकानदार तिथं एखादा ठिपका देऊन मोकळे होतात. पण हा आमचा हसतमुख दुकानदार भलताच टापटिपीचा. त्यानं तिन्ही वेळा कारण लिहिलं होतं, तारखेसकट, शुद्ध भाषेत.

पहिली नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. ‘मुलाच्या सांगण्यावरून आवाज कमी केला. तक्रार: घरात बोललेलं सगळं ऐकू येतं.’

दुसरी तीन महिन्यांनंतरची. ‘मुलाच्या सांगण्यावरून आणखी कमी. सूनबाई समाधानी.’

तिसरी चार महिन्यांपूर्वीची. ‘आणखी कमी. सोबत आलेले समाधानी.’

मी ते तीनदा वाचलं. तक्रार काय, तर ऐकू येतं! अरे, कानातलं मशीन असतं कशासाठी? चष्मा लावून दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मेवाल्याकडे भांडायला जातं का? एकवीस वर्षांत माझ्याकडे हजार तक्रारी आल्या. शिट्टी वाजते, खाज येते, सेल लवकर संपतात. पण हे म्हणजे अति झालं.

मी दुकानदाराला आत बोलावलं.

‘हे काय आहे?’

त्यानं वाकून बघितलं. चेहऱ्यावर हसू तसंच. ‘नोंद आहे, मॅडम. सगळ्या भेटींच्या नोंदी आपल्याकडे अगदी चोख असतात.’

‘अहो, चोख कसल्या! बाईंना विचारलंत का तुम्ही?’

‘त्यांना ऐकू येत नव्हतं ना, मॅडम,’ तो म्हणाला. ‘सोबतच्यांना विचारूनच करतो आपण सगळं. फॉर्मपण तसाच आहे.’

फॉर्म तसाच होता. आमच्याच कंपनीचा होता. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी तोंडात मारल्यासारखंही झालं, कारण पाऊण तासापूर्वी मीही दोन ओळी खरडून निघणारच होते.

तेवढ्यात फोन वाजला. बुटकी. ‘कुठं मेलीस? सव्वातीन झालेत, माझी भूक मेली इथं.’

‘तू खाऊन घे,’ मी म्हणाले. ‘माझं काही खरं नाही.’

‘नऊ वर्षांनी भेटतेस आणि—’

‘बुटके, इथं एका बाईचे कान कापलेत. नंतर शिव्या दे.’ मी फोन बंद केला.

मुलगा आवाज ऐकून दारात आला होता. त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं, दुकानदाराकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तरी लोणी वितळलं नाही.

‘मॅडम, तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला घरची परिस्थिती माहीत नाही. आम्ही नवराबायको काही बोललो की ही मधे पडायची. भाजी काय आणायची ते घराच्या हप्त्यापर्यंत. त्यात रोज संध्याकाळी अठरा पोरं कोकलणार. माझ्या बायकोचं डोकं उठायचं. थोडा आवाज कमी केला, बस. कुणाला मारलं का?’

‘तुम्ही त्यांना सांगितलंत, कान चाललेत म्हणून.’

‘ते तिनंच समजून घेतलं. आम्ही फक्त नाही म्हटलं नाही.’

अस्सा संताप आला ना! पण मी दात आवळले. मघाची चूक परत करायची नव्हती. मी त्याच्याशी बोलणं थांबवलं आणि माईक चालू केला. काचेपलीकडे बाई अजून हेडफोन घालून शांत बसल्या होत्या, पट्टी मांडीवर.

‘बाई,’ मी म्हणाले, ‘तुमचे कान तीन वर्षांपूर्वी होते तसेच आहेत. मशीनचा आवाज कमी केलेला आहे, तीन वेळा. कुणी आणि का, ते इथं लिहिलंय. वाचायचं का तुम्हाला?’

मुलगा म्हणाला, ‘अहो, कशाला उगाच—’

बाई उठून बाहेर आल्या. चष्मा नाकावर चढवला आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी एकेक ओळ बोटानं धरून वाचली. मुलगा खिशातल्या किल्ल्या वाजवत होता. त्या पडद्यापासून वळल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मला म्हणाल्या, ‘होता तेवढा करून दे.’

मी दोन्ही मशीनं जुन्या मापावर आणली आणि त्यांच्या कानांत बसवली. पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. ‘हा पंखा एवढा वाजतो?’ मग स्वतःच्याच आवाजानं दचकल्या आणि हळू बोलायला लागल्या. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, त्या खिडकीकडे वळल्या.

मुलगा दुकानदाराच्या कानाशी लागून पुटपुटला, ‘लिहून कशाला ठेवायचं, गाढवासारखं!’

‘त्यांनी लिहिलं म्हणून कळलं,’ बाई म्हणाल्या. मुलगा चटकन मागे सरला. चौदा महिन्यांत त्याचं पुटपुटणं आईला पोचलं नव्हतं, सांभाळून बोलायची सवयच मोडली होती त्याची.

मला वाटलं, आता त्या त्याला फाडून खाणार. मी तयारच होते, चार शब्द माझ्याकडचेही घालणार होते. पण बाईंनी पुन्हा पडद्याकडे बोट केलं. ‘पहिली तारीख काय ती? परत वाच.’

मी वाचली.

त्या हळूच खुर्चीवर बसल्या. ‘शिंप्याची धाकटी,’ त्या म्हणाल्या. ‘सातवीतली. आवाज आधीच नाजूक. त्याच आठवड्यात तिला मी सतराच्या पाढ्यावरचं एक गणित घातलं. ती बोलली. मला ऐकू आलं नाही. परत विचारलं, परत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचे ओठ हलले आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, तोंडातल्या तोंडात तोच बोलतो ज्याला येत नाही. म्हटलं, खोटारडी आहेस, अभ्यास न करता येतेस. कोपऱ्यात उभं केलं तिला, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.’

किल्ल्यांचा आवाज थांबला.

‘तिच्या वडलांनी सांगितलं, शाळेतही गणिताच्या तासाला रडते. मी म्हटलं, रडू दे, लाडावलीय.’ बाईंनी हात पुसले, कोरडेच होते तरी. ‘तिन्ही वेळा बरोबर बोलली असणार गं ती. तिचं कधी चुकायचंच नाही.’

मुलाकडे बघवेना. तोही खाली बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातलं लोणी गेलं.

‘आई, मला हे माहीत नव्हतं.’

‘तुला कसं माहीत असणार. तू विचारलंस कुठं.’

‘चल, घरी जाऊ. घरी बोलू आपण. ते टेबल मी उद्याच—’

‘टेबलाचं नंतर.’ बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. माझ्याकडे वळून विचारलं, ‘सेल किती दिवस पुरतील?’

‘आठवडाभर तरी,’ मी म्हणाले.

‘पुष्कळ झाले.’ त्या दाराकडे निघाल्या. मुलगा मागोमाग, गाडीची किल्ली हातात. जिन्याच्या तोंडाशी त्या थांबल्या.

‘घरी नाही,’ त्या त्याला म्हणाल्या. ‘शिंप्याकडे. दार तू वाजवायचं. मशीनचा आवाज कुणी कमी केला, का केला, सगळं त्या पोरीला तू सांगायचं, मोठ्यानं. मी शेजारी उभी राहून ऐकणार आहे. एक शब्द गाळलास तर परत पहिल्यापासून.’